अंधाराच्या राजपुत्राची कैफियत

इंग्लंडात बनलेल्या जुन्या मोटारसायकलींचा नाद ज्यांना आहे, अशा मंडळींच्या बैठकीत एक थट्टा हटकून ऐकू येते. ती म्हणजे त्या गाड्यांना दिवे, डायनॅमो आणि मॅग्नेटो पुरविणाऱ्या बर्मिंगहॅमच्या ल्युकस कंपनीला बहाल झालेला 'अंधाराचा राजपुत्र' हा किताब. रात्री भर रस्त्यात दिवा मालवला, किक मारून मारून पाय दुखले तरी ठिणगी पडेना, अथवा सकाळी भरलेली बॅटरी सायंकाळी उतरली, की दोष ल्युकसच्या माथी मारावयाचा, असा शिरस्ता तिकडे आणि काही अंशी आपल्याकडेही पडून गेला आहे. थट्टा म्हणून ती गोड आहे. परंतु इतिहासाच्या दप्तरात तिला पुरावा म्हणून दाखल करून घेण्यापूर्वी, या गाड्यांत वीज कोठून आली, कोणत्या मार्गाने फिरली, आणि तो मार्ग खंडित झाला असता कोणतीही पदवी किंवा कारखान्याचा दाखला हाती नसलेल्या हौशी माणसाने तो घरच्या घरी शोधून काढण्याची विद्या कशी संपादन केली, याचा तपास करणे न्यायाचे होईल.

ज्याच्या नावाने ही फिर्याद आहे तो जोसेफ ल्युकस वस्तुतः विजेच्या धंद्यातला मनुष्यच नव्हता. 1834 साली जन्मलेला हा गृहस्थ बर्मिंगहॅमच्या हॉक्ली भागात गाडीवर रॉकेल घालून ते गल्लोगल्ली विकत असे. पुढे बादल्या, फावडी असा किरकोळ लोखंडी माल आणि जहाजांचे कंदील अशी पायरीपायरीने त्याची चढती कमान झाली, आणि सायकलीच्या चाकात टांगावयाचा 'किंग ऑफ द रोड' नावाचा तेलाचा दिवा काढून त्याने नाव आणि पैसा दोन्ही मिळविले. 1902 साली इटलीतील नेपल्स येथे तो निवर्तला, तेव्हा मोटारसायकलीवर डायनॅमो बसविण्याची कल्पना कोणाच्या फारशी ध्यानीमनीही नव्हती. म्हणजे ज्याने आयुष्यभर लोकांच्या वाटेवर उजेड पाडण्याचाच उद्योग केला, त्याच्या वाट्याला मरणोत्तर अंधाराचे राज्य आले! इतिहासात असे अन्याय पुष्कळ होतात, आणि त्यांची दाद मागावयास बहुधा कोणी येत नाही.

अगदी आरंभीच्या मोटारसायकलींत, ज्यांत फ्रान्समधील द दिओं-बूतों कंपनीच्या लहान इंजिनाचा आदर्श सर्वत्र गिरविला जात असे, ठिणगीसाठी लागणारी वीज बॅटरी आणि कॉइल यांच्या द्वारे मिळे. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या खडबडीत रस्त्यावरील आदळआपट सोसण्यास सर्वथा असमर्थ होत्या आणि त्या पुन्हा भरून घेण्याची सोय खेड्यापाड्यांत असणे शक्यच नव्हते. या अडचणीतून मार्ग निघाला तो जर्मनीतील श्टुटगार्ट नगरात. रॉबर्ट बॉश याने 1887 मध्ये एका जागी बसविलेल्या इंजिनांसाठी मॅग्नेटो तयार केला होता. तो फिरत्या वाहनाला जोडण्याची करामत 1897 मध्ये एका द दिओं-बूतों तीनचाकीवर साधली, आणि 1902 मध्ये बॉशच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याच्या जोडीला स्पार्क प्लग असा संच सिद्ध केला. बॉशच्या मालावर आजही वर्तुळातील जी आकृती उमटविलेली असते, ती मॅग्नेटोच्या आर्मेचरचीच असून ती रेखाटणाराही हाच होनोल्ड होय.

मॅग्नेटोचे मोठेपण त्याच्या स्वावलंबनात होते. लोहचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तारेचे वेटोळे इंजिनाच्याच बळावर फिरावे, नेमक्या क्षणी पॉइंट उघडून प्रवाह तुटावा, आणि त्या तुटण्यातून हजारो व्होल्टांची ठिणगी प्लगापर्यंत पोहोचावी, यासाठी ना बॅटरी लागे, ना तारांचे जाळे. सबंध गाडीत विजेची तार अशी एकच, मॅग्नेटोपासून प्लगापर्यंतची. त्यामुळे बिघाड झाला तर तो कोठे शोधावा हा प्रश्नच फारसा उद्भवत नसे. प्लग काढून सिलिंडरच्या डोक्यावर टेकवावा, किक मारावी आणि निळी ठिणगी दिसते का ते पाहावे, एवढ्यात निम्मा तपास संपे. हौशी माणसाचा हा पहिला आणि सर्वांत टिकाऊ धडा. शंभर वर्षे लोटली तरी गॅरेजात पोरगा प्रथम हेच शिकतो.

1914 साली महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटनच्या ध्यानात आले की, आपली विमाने, लष्करी मोटारी व मोटारसायकली ज्या मॅग्नेटोवर चालतात तो बहुतांशी शत्रूच्याच देशातून येतो. देशी मॅग्नेटो बनविणारे कारखाने नाममात्र होते. त्यांतील थॉमसन-बेनेट हा बर्मिंगहॅमचा कारखाना ल्युकसने त्याच सुमारास ताब्यात घेतला, आणि ज्या घराण्याने तोवर तेलाचे व कार्बाईडचे दिवे विकले होते ते अशा रीतीने विजेच्या व्यवसायात पूर्णपणे उतरले. त्या खरेदीबरोबर आलेला पीटर बेनेट पुढे ल्युकसचा प्रमुख सूत्रधार झाला व शेवटी लॉर्डपदाला पोहोचला. युद्ध संपल्यावर ब्रिटिश मोटारसायकल धंद्याचे माहेरघर जे बर्मिंगहॅम-कॉव्हेंट्रीचे टापू, तेथील बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, तसेच जवळच रेडिच गावी असलेली रॉयल एन्फील्ड, या साऱ्यांचे विजेचे साहित्य बहुतेक एकाच दारातून येऊ लागले. मिलर वगैरे प्रतिस्पर्धी होते, व्हेलोसेटसारख्या कंपन्या त्यांचा माल वापरीतही असत. पण ल्युकसची मक्तेदारी जवळजवळ निर्वेध होती. मक्तेदाराला शिव्या अधिक मिळतात, याचे एक कारण त्याचा माल सर्वत्र असतो हेही आहे.

आता दिव्यांकडे वळू. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत मोटारसायकलीचा पुढचा दिवा म्हणजे कार्बाईडचा; कॅल्शियम कार्बाईडच्या खड्यांवर थेंबथेंब पाणी पडून जो वायू निघतो तो जाळून होणारा प्रकाश पांढराशुभ्र असे, आणि त्या दिव्याची देखभाल म्हणजे वासाची, राखेची व थंडीत पाणी गोठण्याची कटकट असे. अमेरिकेतील इंडियन कंपनीने 1914 मध्ये विजेचे दिवे आणि विजेवर सुरू होणारे इंजिन असलेली एक गाडी बाजारात आणली, परंतु बॅटऱ्यांनी दगा दिला व वर्षभरातच ती मागे घ्यावी लागली. ब्रिटिश कारखानदार त्या मानाने सावध होते. त्यांनी ठिणगीचे खाते मॅग्नेटोकडेच ठेवून दिव्यांसाठी डायनॅमो वेगळा दिला, आणि काटकसर म्हणून पुढे मॅग्नेटोच्या पाठीवर डायनॅमो बांधून 'मॅगडायनो' नावाचा जोडजंतू निर्माण केला. या व्यवस्थेत दिवे बंद पडले तरी गाडी घरी पोहोचे. केवळ अंधारातून पोहोचे, एवढेच.

खरा प्रश्न उद्भवला तो या दुसऱ्या खात्यामुळे. डायनॅमो इंजिनाच्या वेगाने फिरणार, वेग सतत बदलणार, तेव्हा निपजणारी वीज कधी तोकडी तर कधी उतू जाणारी. तिला आवर घालण्यासाठी प्रथम तिसऱ्या कार्बनची (म्हणजे ब्रशची) युक्ती, आणि 1930 च्या दशकाच्या मध्यापासून कंप पावणाऱ्या पॉइंटांचा रेग्युलेटर आला. आपल्याकडील गॅरेजांत या डबीला सरसकट 'कटआउट' म्हणतात. हेडलाइटच्या वरच्या अंगास अथवा टाकीवर जो अँमीटर बसविलेला असे, मध्ये शून्य व दोन्ही बाजूंस आठ-आठ अँपियर अशी ज्याची तबकडी असे, तो म्हणजे या व्यवहाराची रोजकीर्दच होती: काटा एकीकडे कलला तर जमा, दुसरीकडे कलला तर खर्च, आणि चालत्या गाडीवर दिवा लावताच काटा खर्चाकडे झुकून तेथेच बसला, तर डायनॅमोच्या घरी काहीतरी गफलत आहे असे समजावयाचे. अशा वेळी डायनॅमोची डी आणि एफ ही दोन टोके एकत्र जोडून, इंजिन हळू चालवीत, त्यांच्यात व गाडीच्या अंगात किती दाब उत्पन्न होतो ते पाहावे. दाब आला तर डायनॅमो निर्दोष व दोषी रेग्युलेटर किंवा मधली तार, न आला तर कार्बन झिजले आहेत वा आर्मेचर जळले आहे. तपासाची ही पद्धत ल्युकसच्या स्वतःच्या पुस्तिकांतूनच सर्वत्र पसरली. आपल्या मालाची उलटतपासणी कशी घ्यावी हे गिऱ्हाइकाला छापून देणारा कारखाना अगदीच अप्रामाणिक म्हणता येणार नाही.

परंतु या सर्व प्रकरणातील मुख्य आरोपी अद्याप पुढे आलेला नाही. विजेला जावयास एक वाट आणि परत यावयास दुसरी वाट हवी, हा निसर्गाचा नियम. पण तांबे महाग आणि जागा अपुरी, म्हणून मोटारसायकल बनविणाऱ्यांनी परतीच्या वाटेसाठी तार न घालता गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरला. याला आपण 'बॉडी अर्थ' म्हणतो. हेडलाइटमधून निघालेला प्रवाह दिव्याच्या कवचातून, फोर्कमधून, हँडलच्या मुळाशी असलेल्या ग्रीस माखलेल्या गोळ्यांमधून मागच्या चौकटीत शिरे आणि तेथून बॅटरीला मिळे. कारखान्यातून नवी गाडी निघाली तेव्हा ही वाट मोकळी होती. पण वीस-तीस पावसाळे गेल्यावर प्रत्येक सांध्यावर गंज, प्रत्येक बोल्टाखाली मातीची पुटे, आणि प्रत्येक टोकावर हिरवी बुरशी चढली, आणि या वाटेवर ठिकठिकाणी जणू नाके बसले.

शिवाय त्या काळच्या गाड्या सहा व्होल्टांच्या होत्या, आणि येथे थोडा हिशेब मांडल्याशिवाय गत्यंतर नाही. तीस वॅटचा दिवा सहा व्होल्टांवर पाच अँपियर प्रवाह घेतो. परतीच्या वाटेवर गंजामुळे केवळ 0.2 ओहमचा अडथळा उत्पन्न झाला, तर सुमारे एक व्होल्ट तेथेच खर्ची पडतो, म्हणजे एकूण दाबाचा सहावा भाग. दाब एवढा घटला की दिव्याचा प्रकाश त्याहून कितीतरी अधिक, जवळजवळ निम्म्याने, घटतो. तोच दिवा बारा व्होल्टांचा असता तर अडीच अँपियर, अर्धा व्होल्ट, म्हणजे चोविसावा भाग. डोळ्यांना फरक फारसा जाणवलाही नसता. ज्या अंधाराचे खापर ल्युकसवर फुटले, त्याचा बराचसा भाग हा असा एका बोल्टाखालच्या गंजाचा आणि सहा व्होल्टांच्या गणिताचा आहे. हेडलाइटच्या कवचापासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत एक स्वतंत्र जाड तार ओढली की मंदावलेला दिवा एकाएकी डोळे उघडतो, हा हौशी दुरुस्तीकारांचा अनुभव या निकालास पुष्टी देणारा आहे.

याहून विचित्र गोष्ट म्हणजे, जुनी गाडी हौसेने नवी करणाराच कित्येकदा हा दोष उत्पन्न करतो. चौकट घासून तिच्यावर जाड रंगाचे चकचकीत थर चढविले, की जेथे धातूला धातू भिडून वीज वाहत होती तेथे आता रंगाचा अभेद्य पडदा येतो. गाडी प्रदर्शनात बक्षीस मिळविते आणि परतीच्या वाटेवर ढकलत आणावी लागते. रंगाऱ्याच्या हातून झालेला गुन्हा बर्मिंगहॅमच्या नावे नोंदविला जातो तो असा.

नवशिक्याला चकविणारे आणखी एक वैशिष्ट्य या गाड्यांत आहे. मॅग्नेटोवर चालणारे इंजिन बंद करण्यासाठी जे बटण असते ते मॅग्नेटोची वीज सांगाड्यात सोडून ठिणगी मारते. म्हणून त्या बटणाची तार सोलवटून कोठे चौकटीला टेकली तर गाडी बंद, आणि ती तार साफ तुटून पडली तर गाडी चालूच राहते, बंद होत नाही. कॉइलच्या गाडीत नेमके उलट: तार तुटली की इंजिन गप्प. एका पद्धतीचे ज्ञान दुसरीवर लादणारा मनुष्य दिवसच्या दिवस निर्दोष भाग उकलीत बसतो. इंजिन थंड असता पहिल्या किकेला सुरू व्हावे आणि तापल्यावर अचानक मरावे, ही जी जुन्या मॅग्नेटोची सर्वपरिचित खोड, तिचे मूळ बहुधा आर्मेचरच्या पोटात दडविलेल्या कंडेन्सरात अथवा उष्णतेने विरघळलेल्या लाखेत असते; आणि तेथे हात घालावयाचा तर मॅग्नेटो पूर्ण खोलावा लागतो. येथे मात्र आरोपीची सुटका करता येत नाही. झिजणारा भाग हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवणे हे कारागिराचे कर्तव्य होते, आणि त्यात ब्रिटिश मॅग्नेटो बनविणारे बहुतेक चुकले.

या विद्येचा प्रसार झाला तो छापील कागदाच्या जोरावर. 1903 साली सुरू झालेल्या 'द मोटर सायकल' या साप्ताहिकात 'इक्सायन' या टोपणनावाने लिहिणारे कॅनन बॅझिल डेव्हिस हे पेशाने धर्मोपदेशक होते. रविवारी प्रवचन आणि इतर दिवशी मोटारसायकलीवरील अनुभवकथन, असा त्यांचा क्रम कित्येक दशके चालला, आणि मोटारसायकल सुधारणे हे सभ्य माणसाला न शोभणारे काम आहे, हा समज मोडून काढण्यात त्यांच्या लेखणीचा मोठा वाटा होता. पिटमन या प्रकाशन संस्थेने एकेका कंपनीच्या गाडीवर एकेक लहान पुस्तक काढले. त्यांत सोप्या भाषेत वायरिंगचा नकाशा असे, आणि सायंकाळी कचेरीतून परतलेला कारकून तो समोर पसरून आपल्या गाडीचे दिवे लावू शके. मोजमापाचे साधनही याच काळात हाती आले: ब्रिटिश पोस्ट खात्यातील डोनल्ड मकेडी नावाचा अभियंता प्रवाह, दाब व रोध मोजण्यासाठी तीन निरनिराळी यंत्रे वागविण्यास कंटाळला आणि त्याने ती तिन्ही एका पेटीत बसविली, 1923 मध्ये विक्रीस आलेला 'ॲव्होमीटर' तो हाच. अर्थात गरिबाचा ॲव्होमीटर म्हणजे दोन तारांना लावलेला बल्ब, आणि त्यानेही पुष्कळ निभावते. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्याच्या जागी बल्ब जोडावा व एकेक तार सुटी करीत जावे. ज्या क्षणी बल्ब मालवतो ती तार शॉर्ट. एवढेच की, त्या काळच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांना कारखान्यातून फ्यूजच दिलेला नसे, आणि शॉर्ट झाल्याची वर्दी प्रथम नाकाला मिळे.

दुसऱ्या महायुद्धात एकट्या बीएसएने एम-20 जातीच्या सव्वा लाखाहून अधिक गाड्या सैन्यास पुरविल्या. युद्धानंतर त्या स्वस्तात विकल्या गेल्या, आणि 1946 साली टिच ॲलन यांनी लंडनच्या नैर्ऋत्येस हॉग्ज बॅक येथे बोलाविलेल्या मेळाव्यातून व्हिंटेज मोटर सायकल क्लब स्थापन झाला, तेव्हा जुन्या गाडीची दुरुस्ती ही गरज न राहता परंपरा झाली.

पुढील बदल झपाट्याने झाले. 1950 च्या दशकात डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. त्याची उलटसुलट वीज सरळ करण्यासाठी सेलेनियमच्या चकत्यांचा रेक्टिफायर आला, ज्याचा नट आवळताना मधला बोल्ट फिरला तर आतले सांधे तुटून तो निकामी होतो. आणि 1960 च्या दशकात बारा व्होल्टांबरोबर आला झेनर डायोड, जादा वीज उष्णतेच्या रूपाने उधळून टाकणारा. त्यातच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडण्याची वहिवाट होती, ती सत्तरीच्या दशकातही काही ठिकाणी टिकून राहिली. काळी तार म्हणजे अर्थ, अशी खूणगाठ बांधलेल्या माणसाने नवी बॅटरी उलटी जोडली की रेक्टिफायर व झेनर यांचा एकदमच बळी जाई. वस्तुतः ल्युकसच्या तारांचे रंग ठरलेले होते: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, निळ्या दिव्यांच्या, आणि अशा गाड्यांत लाल तार म्हणजेच अर्थ. ज्याने हे चार रंग पाठ केले त्याला निम्मा नकाशा तोंडपाठ झाला.

आपल्या देशात ही विद्या निराळ्या मार्गाने आली. युद्धानंतर लष्कराने 'डिस्पोजल'मध्ये काढलेल्या गाड्या हाती आल्या खऱ्या, पण स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवर निर्बंध पडल्याने त्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले. मग मुंबईचा चोरबाजार आणि पुण्यातील बुधवार-रविवारचा जुना बाजार या हौशी लोकांच्या वखारी ठरल्या, आणि जळालेले आर्मेचर फेकून न देता पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर गल्लोगल्ली तयार झाले. 1955 पासून मद्रासला रॉयल एन्फील्डची बुलेट जुळविली जाऊ लागली, आणि ल्युकसनेही तेथेच टीव्हीएस घराण्याशी भागीदारी करून कारखाना काढला. 1960 च्या दशकाच्या आरंभी म्हैसूरला इराणी मंडळींच्या आयडियल जावाने चेकोस्लोव्हाकियाच्या धर्तीची जावा सुरू केली. जावात अँमीटर नव्हता. चार्जिंगचा लाल दिवा आणि खिळ्यासारखी किल्ली होती, आणि डायनॅमोचे कार्बन झिजले की तो दिवा चालत्या गाडीवरही विझत नसे. पुण्यात कित्येक घरांत ही एवढी एकच विद्युत्‌शास्त्रीय गोष्ट आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना ठाऊक होती.

तेव्हा फिर्यादीचा निकाल काय? कंडेन्सर आत दडविणे, फ्यूज न देणे आणि किमतीच्या ओढीने तारा व जोड यांत काटकसर करणे, हे आरोप शाबीत होतात. पण त्यांतील शेवटच्या दोहोंत मोटारसायकल बनविणाऱ्या कंपन्या, ज्यांनी ल्युकसला भाव पाडून मागितला, तितक्याच भागीदार आहेत. उरलेला अंधार गंजाचा, रंगाचा, सहा व्होल्टांचा, आणि आधीच्या मालकांनी मिळेल त्या रंगाची तार मिळेल तेथे पिळून ठेवली तिचा आहे. ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी असेल त्यांना एवढीच विनंती की, जुने वायरिंग उपटून नवा सेट टाकण्यापूर्वी कोणती तार कोणत्या रंगाची होती व ती कोठून कोठे जात होती याचा नकाशा कागदावर काढावा, आणि तो गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावा. गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला आरसी-बुकाइतकाच तो उपयोगी पडेल.